सावट नेणारा माणूस

ते आर्मीत कधीच नव्हते, तरी अख्खं खामगाव त्यांना आर्मीबाबा म्हणायचं. कुणी विचारलं, तुम्ही कोणते लोक, की ते ताठ बसून सांगायचे, "आर्मेनियन." ऐकणारा मान डोलावून म्हणायचा, "अस्सं, आर्मीतले." एसटीचा कंडक्टर उठून त्यांना पुढची सीट द्यायचा, रेशनवाला रांगेतून पुढं घ्यायचा. आमच्या शाळेनं एकदा झेंडावंदनाला त्यांना माजी सैनिक म्हणून बोलावलं आणि शाल-नारळ दिला. तिथंही त्यांनी उभं राहून सांगितलं की मी सैनिक नाही, आर्मेनियन आहे. टाळ्या वाजल्या. घरी येऊन त्यांनी नारळ माझ्या हातावर ठेवला. "मास्तरीणबाई, एखादा सैनिक भेटला तं त्याले द्या," म्हणाले.

मी त्यांची भाडेकरू, त्यांना काका म्हणायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत नवी नोकरी लागली होती आणि धाडजवळच्या आमच्या गावाहून रोज खामगाव गाठणं काही शक्य नव्हतं. खोली बघायला गेले तेव्हा सामान बरोबरच नेलं होतं. हे गृहस्थ बाहेर आले, माझ्याकडे न बघता थेट रिक्षापाशी गेले, माझ्या गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यात दोन बोटं घातली आणि कापसाचा पुंजका उपटला. दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, जुळवला, पुन्हा ओढला, उजेडाकडे धरून पाहिला. मला वाटलं, डोकं फिरलेलं दिसतंय, दुसरीकडे बघावं. तेवढ्यात ते म्हणाले, "धागा बरा हाय. राहा."

पुढं कळलं की ते जन्मभर कापसाच्या प्रेसमध्ये ग्रेडर होते. रुई ओढून धाग्याची लांबी सांगायची, हेच काम. प्रेस बंद पडली, पण अंगठे काही थांबले नाहीत. बोलता बोलता रिकामे अंगठेसुद्धा ओढत बसायचे. माणसांचीही त्यांनी प्रतवारी लावली होती. आमचे हेडमास्तर आखूड धाग्याचे, दूधवाला भेसळीचा, आणि मी "लांब धागा, पन पीळ जास्त". ते मला अजून खोडता आलेलं नाही.

त्यांच्या बैठकीत एका डोंगराचं चित्र टांगलेलं होतं. त्यांच्या आजीच्या मुलखातला डोंगर. तो त्यांनी पाहिला नव्हता आणि त्यांच्या वडिलांना आठवत नव्हता. आजीनं तोंडी सांगितला आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या इथल्याच एका पेंटरनं काढला. पेंटरनं डोंगर म्हणून बुलढाण्याचा घाट तेवढा पाहिलेला. त्यानं एक मोठा डोंगर काढला, शेजारी धाकटा काढला, उतारावर सागाची झाडं लावली आणि पायथ्याशी आपल्या मनानं मारुतीचं देऊळ बांधलं. शिखरावर बर्फ पाहिजे, असं आजी म्हणाली. बर्फ कसा असतो, त्यानं विचारलं. कापसासारखा, आजी म्हणाली. मग पेंटर जिनिंगच्या आवारात जाऊन कापसाची गंजी बघून आला आणि तशीच्या तशी डोंगरावर रचली. चित्र बघून आजी आधी पोट धरून हसली आणि मग रडली. देऊळ पुसून देऊ का, पेंटरनं घाबरून विचारलं. "राहू दे म्हने आजी," काका सांगायचे. "तिथं आता आमचं देऊळ तं कोनी ठेवलं नसंन."

आजीची गोष्ट ते स्वतःची असल्यासारखी सांगत. "आमी नदीवर पोचलो तं पूलच नव्हता," अशी सुरुवात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "काका, तेव्हा तुम्ही केवढे होता?" त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. "मी? मी तं इथंच खामगावात पैदा झालो." आणि लगेच पुढं, "तं पूल नव्हता."

पहिल्या महायुद्धाच्या काळात तुर्कांच्या राज्यात त्यांच्या लोकांची कत्तल झाली. पुरुषांना आधी मारलं, बायकापोरांना रानोमाळ हाकललं. आजी पाठीशी मुलगा बांधून इराणकडे चालत सुटली. बरोबर धाकटी बहीण होती. वाटेत बहिणीला ताप भरला आणि ती एका पडक्या भिंतीशी बसली ती उठेना. मागून घोडेस्वार येत होते. आजीनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, "त्सावत तानेम" म्हणाली आणि मुलाला घेऊन पुढं निघून गेली. तो मुलगा म्हणजे काकांचे वडील. इराण, बसरा, कलकत्ता करत तो वाढला, कापसाच्या कंपनीत चिकटला आणि बदलीवर खामगावला येताना आईला घेऊन आला.

त्सावत तानेम म्हणजे, तुझं दुखणं मी नेते. आपल्याकडे आया कानशिलावर बोटं मोडून लेकराची इडापिडा घेतात, तसलंच ते. त्यांच्यात उठता-बसता म्हणतात म्हणे, पोराला ठेच लागली तरी. पण त्या भिंतीनंतर आजीनं उठता-बसता म्हणणं सोडलं. "नेते म्हनलं आन् तिले तिथंच टाकून आली," असं ती स्वतःबद्दल मरेपर्यंत बोलत राहिली. तिनं घरात एक नियम घातला. हा शब्द ज्याला म्हणायचा त्याच्यापाशी बसायचं. म्हणून झाल्यावर लगेच उठायचं नाही.

आजी गेली, वडील गेले, काकांनी लग्न केलं नाही. घरात बोलायला कुणी उरलं नाही तशी भाषा गळत गेली. शेवटी त्यांच्याजवळ एवढे दोनच शब्द धड राहिले होते, बाकी ते जी गाणी गुणगुणायचे त्यांचा अर्थ त्यांनाही माहीत नव्हता. त्या दोन शब्दांबाबत मात्र माणूस कमालीचा कडक. मी एकदा सहज "सावत तानेम" म्हणाले तर खवळले. "सा नाही. त्सा. जीभ दाताले लाव. तीन पिढ्या घेऊन आलो इथवर, आन् तू दारातच सांडवून राह्यली." शाळेत मी पोरांचा श आणि ष घोटून घ्यायचे, घरी आल्यावर माझा त्सा घोटून घेतला जायचा.

आमच्या घरात शिस्त बरोबर उलटी. माझ्या आजोबांनी गावाबाहेरच्या वस्तीत काय काय सोसलं, हे वस्तीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं. पण बुद्धाचा धम्म घेतला त्या दिवशीच माझ्या बाबांनी ठरवलं, मागचं पोरांना सांगायचं नाही. "पोराईच्या पाठीवर आपलं गाठोडं कशाले?" असं म्हणायचे, आणि न सांगताच गेले. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ अंगठे ओढत राहिले. "तुह्या बापाचंबी बरोबर हाय," म्हणाले. "गाठोडं जडच असते. पन माह्यं मी टाकलं तं उचलाले मागं कोनी नाही ना बापा." मला त्यांचा हेवाही वाटला आणि कीवही आली. माझ्या आजोबांचं नावाखेरीज मला काहीच ठाऊक नव्हतं.

ती बीटी कापसाची वर्षं होती. बोंडअळी येणारच नाही असं सांगत पाकिटं गावोगाव गेली, त्यांत खरी किती आणि बोगस किती हे उगवून आल्यावर कळायचं. मग अळी यायची, पाऊस दडी मारायचा, आणि फवारणीसाठी आणलेलं औषध माणसं पिऊ लागली. पेपरात रोज एखादं गाव असायचं. काका ते गाव वाचायचे, पाटलोणीचा पट्टा आवळायचे आणि एसटी धरायचे. ओळख ना पाळख. त्या घरी आधी पुढारी येऊन गेलेले असत, साहेब येऊन गेलेले असत, बसले न बसले तोच उठलेले असत. काका जायचे, त्या बाईसमोर वाकून "त्सावत तानेम" म्हणायचे आणि ओसरीवर बसायचे ते शेवटच्या एसटीपर्यंत. बोलायचे नाहीत. चहा आला तर घ्यायचे, नाही आला तर नाही. कोणत्या खात्याचे, असं कुणी विचारलंच तर "आर्मेनियन". लोकांना वाटायचं, आता सरकारनं लष्करही धाडायला सुरुवात केली.

घोळ झाला तो शब्दामुळे. वऱ्हाडी कानाला त्सावत तानेम कसं ऐकू येतं, हे ना त्यांच्या कधी ध्यानात आलं ना माझ्या. ते ऐकू येतं "सावट आनेन". सावट आणीन. आधीच घरात मरण, आणि हा गोरा, घाऱ्या डोळ्यांचा म्हातारा दारात वाकून म्हणतो, सावट आणीन. एका गावात ते जाऊन आले आणि महिन्याच्या आतच तिथं दुसरं मरण झालं. झालं. बोलता बोलता ती गोष्ट तालुकाभर पसरली. एका फाट्यावर पोरांनी त्यांना एसटीतून उतरू दिलं नाही. त्यांनी घरी येऊन मला एवढंच सांगितलं की गाडी थांबलीच नाही. खरं काय ते मला दूधवाल्याकडून कळलं.

आणि अशातच आमच्या घरावर आलं.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, गावात लहानसं कृषी केंद्र चालवायचा. बियाणं, खत, औषध. वस्तीतल्या पोरानं दुकान टाकलं याचं आईला कोण कौतुक. त्या साली त्यानं जी पाकिटं विकली ती बोगस निघाली. वरच्या व्यापाऱ्यानं हात झटकले, पण गावात पाकीट दिलं होतं ते दादानं, आपल्या हातानं, आपल्या शब्दावर. त्याचा जिवलग मित्र, लहानपणापासून एका ताटात जेवलेला, त्यानंही तेच पेरलं होतं. अख्खं शिवार अळीनं पोखरलं तेव्हा तो औषध प्यायला आणि गेला. बाटली दादाच्याच दुकानातली होती.

त्या दिवसापासून दादानं शटर खाली ओढलं आणि दुकानामागच्या खोलीत जाऊन बसला. जेवायचं म्हटलं तर उठेना, बोलेना. आईनं घरातल्या दोऱ्या उचलल्या, दुकानातल्या बाटल्या शेजाऱ्यांकडून हलवल्या आणि त्या खोलीच्या दारात आडवी झोपू लागली. वहिनी लेकराला घेऊन माहेरी गेली नाही, एवढेच तिचे उपकार मानावेत अशी दशा. मी रजा काढून दोनदा गेले, समजावलं, रडले, ओरडले. दादा भिंतीकडे बघत एकच वाक्य म्हणाला, "माह्या हातानं देल्ली ना."

परत येऊन मी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी चौकशी केली नाही. आत जाऊन पट्टा आवळून आले. "चाल," म्हणाले.

आम्ही गावात पोचलो तेव्हा आई दारातच होती. माझ्यामागे त्यांना पाहिलं आणि तिनं दोन्ही हात चौकटीला लावले.

"याईले काऊन आनलं?" ती मला म्हणाली. "सावट आननारा मानूस हा. माह्या घरात नको."

"माय, तसं नाही ते," मी म्हणाले.

"तू गप राह्य. माहं एकच पोरगं हाय."

काका पुढं झाले. आजवर त्यांनी कधी कुणाला त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला नव्हता. अर्थ बसण्यातून कळतो, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी सांगितला. "माय, मी आनत नाही. नेतो. तुह्या पोराचं जे असंन ते नेतो, असा अर्थ हाय."

"मंग आनेन काऊन म्हन्ता?"

"आमच्या भाषेत तसंच हाय ते."

"मंग भाषा बदला," आई म्हणाली.

तिला काय ठाऊक, ती काय मागत होती. मला ठाऊक होतं, आणि मी खाली बघत राहिले. काकांचे अंगठे थांबले होते. तो एक शब्द सोडला तर त्या माणसाजवळ त्याच्या माणसांचं काय होतं? एक चित्र, आणि त्यातही मारुतीचं देऊळ. आत खोलीत दादा होता, अंधारात, भिंतीकडे तोंड करून.

मग ते वाकले. आईच्या पायांकडे बघत अगदी हळू म्हणाले, "माय, तुह्यं सावट नेतो मी."

आईनं हात काढले.

ते आत गेले आणि दादासमोर जमिनीवर बसले. संध्याकाळपर्यंत दोघंही काही बोलले नाहीत. शेवटच्या गाडीनं काका परत निघाले. पुढच्या रविवारी पुन्हा आले, त्याच्या पुढच्याही. आईनं त्यांच्यासाठी सतरंजी घातली, ती त्यांनी घडी करून बाजूला ठेवली. किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर आतून आवाज येत होता. काका भिंतीची गोष्ट सांगत होते, या वेळी "आमी" नव्हे, "आजी" म्हणत.

"मंग ते बहीन?" दादाचा आवाज. घोगरा, गंजलेला.

"राह्यली तिथंच."

"आन् तुमची आजी?"

"जगली. भाकरी थापत जगली. लय वर्षं."

"कशी काय जगली?"

"थे काही मले सांगता येत नाही बापा," काका म्हणाले. "पन जिथं कोनाचं काही झालं तिथं जाऊन बसायची. तिच्यापाशी नाही बसता आलं, म्हनून दुसऱ्यापाशी बसायची."

माझ्या हातातला चहा निवून गेला. मग दादा म्हणाला, "त्याची बायको हाय. लेकरं हायेत. पन त्या घरात मले कोन येऊ देईन?"

"दारात तं बसू देतीन. दार मोठं असते."

दुसऱ्या दिवशी दादा मित्राच्या घरी गेला. त्या घरानं त्याला शिव्या दिल्या, मित्राच्या आईनं अंगावर शेण टाकलं. तो दारात बसून राहिला आणि संध्याकाळी घरी येऊन अंघोळ करून जेवला. पुढं रोज जाऊ लागला. कृषी केंद्र त्यानं पुन्हा उघडलं नाही, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यासारखं हसू मी अजून पाहिलेलं नाही. पण तो जगला. आईनं दारातलं अंथरूण उचललं.

काकांनी मात्र त्यानंतर तो मूळचा शब्द कधी उच्चारला नाही. गावोगावी जायचे, पण "सावट नेतो" म्हणायचे. लोक दार उघडायचे. मी एकदा घरी मुद्दाम "सावत तानेम" असं चुकीचं म्हणून पाहिलं, निदान रागावतील म्हणून. रागावले नाहीत. "चालते," म्हणाले. मला त्या "चालते"चं फार वाईट वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीचं दुखणं बळावलं. जन्मभराची रुई आत गेलेली. सरकारी दवाखान्यात ठेवलं तेव्हा श्वासाचा आवाज वॉर्डाच्या दारापर्यंत यायचा. नर्सनं नातेवाईक कोण असं विचारलं, मी भाडेकरू म्हणाले, तिनं काही न विचारता तेच लिहून घेतलं. मी दादाला निरोप धाडला. दादा आईला घेऊन आला.

आई खाटेशी गेली. त्यांच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "याईची भाषा काय व्हती ते? मीनं बदलाले लावली ते?"

मी तिच्या कानात तो शब्द सांगितला, आणि म्हटल्यावर लगेच उठायचं नाही हा आजीचा नियमही. तिनं दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला आणि म्हणाली, "सावत तानेम, भाऊ."

काकांचे डोळे मिटलेले होते. ओठ हलले. आम्हाला वाटलं पाणी मागतायत, म्हणून दादा वाकला.

"त्सा," ते म्हणाले. "सा नाही."

"त्सा," आई म्हणाली. तिचे पुढचे दात पडलेले, त्यामुळे जीभ कुठं लावावी ते तिला कळेना. "त्सा. त्सावत तानेम." मग तिचं तिला जे येत होतं ते तिनं केलं, त्यांच्या कपाळावरून हात उतरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. काकांचा एक अंगठा चादरीवर थोडासा हलला. ते पहाटे गेले.

गावाबाहेरच्या ख्रिस्ती कब्रस्तानात त्यांना जागा मिळाली. तिथल्या पाद्रीबाबांनी प्रार्थना केली आणि शेवटी त्यांच्या लष्करातल्या सेवेबद्दल दोन शब्द बोलले. मला हसू फुटलं आणि त्याच दमात रडू आलं. पेंटरचा तो डोंगर पुढं मी माझ्या घरी आणला, तो आता माझ्या भिंतीवर आहे, देवळासकट. त्या दिवशी माती टाकून झाली, मोजकीच माणसं होती ती पांगली. ऊन चढलं होतं. ज्या जीपनं आई आणि दादा परत जाणार होते तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. मी आईला म्हणाले, "माय, चाल. गाडी जाईन."

आई त्या ओल्या मातीशेजारी खाली बसली होती. दादाही तिच्या बाजूला बसला.

"जाऊ दे गाडी," ती म्हणाली. "म्हनलं ना मीनं त्याईले. आता लगेच कशी उठू?"

मीही बसले.